गायकवाडबाईंची माहितगार

गायकवाडबाई माणसाला कधी नापास करत नाहीत, प्रश्नाला करतात. बाहेरच्या देशातून आलेला छापील फॉर्म पुढ्यात घेतात, लाल पेन उघडतात आणि समासात लिहितात, ‘प्र. ४ नापास.’ खाली सही. सगळी नोकरी नगरपालिकेच्या शाळेत गेली, पेन काही सुटलं नाही.

आमचं काम म्हणजे उल्हासनगर-अंबरनाथच्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन प्रश्न विचारायचे. कोणाचं वयाचं साधं विसरणं आणि कोणाला विसरण्याचा आजार, डिमेन्शिया, ते शोधायचं. आमच्या वाशीमकडं याला म्हातारचळ म्हणतात आणि विषय संपवतात. मी सातवीत शाळा सोडलेली, आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंगला होते. शेजारच्या आजींशी गप्पा मारताना बाईंनी मला पाहिलं आणि कामाला घेतलं. माझ्यात काय दिसलं, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं आणि त्यांचा विचार बदलला तर?

प्रश्न चार होता, ‘आपण कितव्या मजल्यावर आहोत?’ उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या बराकीत मी तो एका मावशींना विचारला. त्या म्हणाल्या, “मजला कुठला गं, वर पत्रा आहे.” फॉर्मप्रमाणे शून्य गुण. पुढं होतं, ‘माझ्यामागून म्हणा : जर नाही, तर नाही, पण नाही.’ तिथल्या एका सिंधी आजींनी ते ऐकून माझ्याच कपाळाला हात लावला. “बेटा, तेरी तबियत तो ठीक है?”

बाईंनी दोन्ही प्रश्न नापास केले. चित्राचाही. “जिनं जन्मात पेन्सिल धरली नाही तिला पंचकोन काढायला सांगतायत. हा कागद लिहिणाऱ्याला भाकरी थापायला बसवा, मग बघू डिमेन्शिया कोणाला आहे.” पेन्सिलीच्या जागी त्यांनी काडेपेटी आणली. आपण काड्यांची नक्षी मांडायची, समोरच्यानं तशीच मांडायची. म्हाताऱ्या भराभर मांडायला लागल्या.

मग मुंबईहून प्रकल्पाचे डॉक्टर आले. काड्या त्यांना आवडल्या, मी आवडले नाही. “मॅडम, नियमात पदवीधर लिहिलंय. ही सातवी.” कंपनीत परत घेतील का, एवढंच डोक्यात.

“पदवीधर तुम्ही दोन पाठवले होते,” बाई म्हणाल्या. “आजी मिश्री लावायला बसली की फॉर्म गुंडाळून निघायचे. आमची माणसं मोजायची तर मोजणारीही आमच्यातलीच तयार करावी लागतील. हिची परीक्षा घ्या. मी म्हातारी होते, ही मला विचारेल. तशी मी आहेच म्हातारी.”

मी विचारत गेले. आवाज कापत होता, पण काड्यांपर्यंत नीट आले. मग माहितगाराचा भाग. आजारी माणसाला स्वतःचं विसरणं कळत नाही, म्हणून त्याला रोज बघणाऱ्या घरच्या माणसालाही विचारायचं असतं. “तुमचे माहितगार कोण?”

ज्यांच्यापुढं अख्खं ऑफिस गप्प बसतं, त्या बाई टेबलावरच्या काड्या एकेक करून पेटीत भरत राहिल्या. यजमान जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे मला माहीत होतं. तरी विचारून बसले.

“हिचं नाव लिहा,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

“घरचं माणूस लागतं. आणि विचारणारीच माहितगार कशी चालेल?”

“मग पुढचं तुम्ही विचारा. ही इकडं बसेल.”

डॉक्टरांनी फॉर्म ओढला. वस्तू ठेवून विसरतात का? चष्मा, पण तो पहिल्यापासून. तेच तेच विचारतात? उत्तर मिळेपर्यंत. रस्ता चुकतात? रिक्षावाल्यालासुद्धा चुकू देत नाहीत. सांगता सांगता माझा आवाज कापायचा थांबला.

“वर्षभरात वागण्यात काही बदल?”

इथं खोटं सांगायचं नाही, हे बाईंनीच शिकवलेलं. “आहे,” मी म्हणाले. “आधी करत नव्हत्या. आता रोज संध्याकाळी फोन करतात, घरी पोचलीस का म्हणून. पोचले म्हटलं तरी लगेच ठेवत नाहीत.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “हे बदलात धरायचं?”

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. “ती सांगतेय ना. लिहा.”

डॉक्टरांनी लिहिलं. वर, प्रश्न विचारणाऱ्याच्या रकान्यात, माझं नाव होतं. ते त्यांनी खोडलं नाही.