गुणवंत शेवाळेचं शेपूट

एका जंगलात एक डबकं होतं. पण बाळांनो, डबक्याला डबकं म्हटलेलं तिथल्या बेडकांना खपत नसे. ते त्याला सरोवर म्हणत.

तुम्हाला ठाऊकच आहे, बेडकाच्या पिल्लाला आधी शेपूट असतं. मग पाय फुटतात, शेपूट आटतं आणि पिल्लाचा बेडूक होतो. तर या सरोवरात दर महिन्याला पिल्लांची 'आदर्श शेपूट स्पर्धा' भरे. ज्याचं शेपूट लांब, त्याचा पहिला नंबर. सरोवरातल्या एकाही आईबापाला स्वतःचं शेपूट नव्हतं. म्हणूनच तर त्यांना ते मुलांना हवं होतं.

परीक्षक होते दिवड सर. दिवड म्हणजे पाण्यातला साप. सरांचं निम्मं अंग शेपूटच वाटे, त्यामुळे त्यांच्या अधिकाराबद्दल कुणाला शंका नव्हती. ते शिकवणीही घेत. शिकवणीतलं एखादं पोर अधूनमधून कमी होई.

"स्पर्धेत टिकलं नाही," सर तोंड पुसत म्हणत.

नेहमीप्रमाणे गवताच्या काडीनं मापं घेतली गेली. शेवाळेबाईंचा गुणवंत पहिला आला. चिखलेवहिनींची भागू शेवटून पहिली आली. तिचं शेपूट आटत चाललं होतं आणि मागे दोन पाय फुटले होते.

"अगं बाई, हे काय काढून ठेवलंस?" चिखलेवहिनी किंचाळल्या. "त्या गुणवंताकडे बघ जरा! लोकांना तोंड कसं दाखवू मी?"

भागू दगडाखाली जाऊन रडली. आपल्यात काहीतरी खोट आहे, असं तिला वाटलं. बिचारी नुसती मोठी होत होती.

थोड्याच दिवसांत गुणवंतालाही पाय फुटले. पण शेवाळेबाई खमक्या. त्यांनी त्याचे पाय पोटाशी घट्ट बांधले आणि आटत्या शेपटाला शेवाळाची लांबलचक जोड दिली.

"पुढच्या मापापर्यंत कळ काढ, राजा. मग हवे तेवढे पाय काढ."

पुढचं माप झालं, त्याच्या पुढचंही झालं. गुणवंत दर वेळी पहिला. पण त्याला धड झोप लागत नसे. दचकून उठे आणि आधी मागे वळून बघे, शेपूट आहे ना? आईचं आपल्यावर फार प्रेम आहे, हे त्याला माहीत होतं. ते शेपटावर आहे, असंही त्याला वाटे.

मग उन्हाळा आला. सरोवराचं डबकं झालं आणि डबक्याचा चिखल. बेडूक टुणटुण उड्या मारत नदीकडे निघाले. सगळ्यांत पुढे भागू होती. तिच्याकडे एकही प्रमाणपत्र नव्हतं, पण त्या वेळी ते कुणी मागितलं नाही.

गुणवंत मात्र चिखलात रुतून बसला. शेवाळाचं शेपूट वाळून घट्ट चिकटलं होतं.

"उडी मार रे, गुणवंता!" शेवाळेबाई काठावरून ओरडल्या.

"आई, उडीला नंबर असतो का?"

"तुम्ही व्हा पुढे, बाई," दिवड सर मायेनं म्हणाले. "मी थांबतो त्याच्याजवळ."

हे ऐकलं मात्र, भागू टुणकन मागे आली. तिनं गुणवंताच्या पायांची बांधणी सोडली आणि शेवाळाचं शेपूट तोडलं. पाय आखडले होते. पडत, धडपडत, भागूच्या आधारानं तो कसाबसा काठावर आला.

"भागू," तो हुंदके देत म्हणाला, "आता आई मला ओळखेल का?"

आईनं त्याला उराशी धरलं. खूप रडली. ते रडणं अगदी खरं होतं बरं का, बाळांनो. मग तिनं डोळे पुसले आणि त्याच्या पायांकडे नीट बघितलं. भागूच्या पायांकडेही बघितलं. आणि हळूच गवताची एक काडी तोडली.

नदीवर पोचल्यावर कळलं, दिवड सर आधीच येऊन पोचले होते. लांब उडीची शिकवणी सुरू झाली होती.

तात्पर्य : मुलांना सतत मोजत राहावं. उद्या ती आपल्यापासून दूर गेलीच, तर निदान किती दूर गेली, ते बिनचूक सांगता येतं.