कोडं सुटलं, खेळ सुटेना

मुलांच्या साप्ताहिक पुरवणीसाठी शब्दकोडं करणं हे बिट्टीच्या आईचं घरबसल्याचं काम. कोडं पाठवण्याआधी ते बिट्टीवर तपासून बघायचं, ही घरातली पद्धत. पाच वर्षांच्या पोरीला अर्धं जरी जमलं, तरी वाचणाऱ्या मुलांना सगळं जमेल, असा आईचा अंदाज. या खेपेला विषय होता विरुद्धार्थी शब्दांचा.

"मी म्हणेन त्याच्या बरोब्बर उलट सांगायचं," आईने समजावलं. किती वेळ, ते सांगायचं मात्र राहून गेलं.

"उंच?"

"बुटका!"

"ओलं?"

"कोरडं!"

"काळजी?"

बिट्टीने डोकं खाजवलं. "बाबा!"

"ऐकू येतंय मला," पेपरमागून बाबा म्हणाले.

"चौकटी चार आहेत," आई म्हणाली. "तू पडलास दोन अक्षरी."

ती जागा रिकामीच राहिली. 'बेफिकिरी' हा शब्द आईला सुचला होता, चार चौकटींत नेमका बसतही होता. पण लिहायला हात धजेना. काळजी सोडली की माणूस लगेच बेफिकीर होतो, असं थोडंच आहे? मधे काहीतरी असेलच की. तिला ते कधी सापडलं नव्हतं, एवढंच.

कोडं बाजूला पडलं, पण बिट्टीचा खेळ चालूच. "इकडे ये" म्हटलं की ती पळून जाई. "पोट भरलंय" असं ठणकावून ताटावर बसे. 

"घरात उलट बोलणारं एकच माणूस होतं," आजी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "आता जोडी जमली." सुनेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी धप्प असा आवाज आला. बिट्टी स्टुलावरून कोपरावर पडली होती. रडत नव्हती, हेच आईला जास्त भयंकर वाटलं.

"दुखतंय का गं?"

"नाही."

आई बाबांकडे वळली. "ऐकलंस? नाही म्हणतेय!"

"मग चांगलंच आहे की," बाबा म्हणाले.

"अरे, सकाळपासून तिचं नाही म्हणजे हो!"

"बरं, मी विचारतो. बिट्टी, दुखत नाहीये ना?"

"दुखतंय."

बाबांनी बोटांवर काहीतरी जुळवलं, विस्कटलं, पुन्हा जुळवलं. "आता माझंच डोकं दुखायला लागलंय," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी प्रेमाने विचारलं, "कुठे लागलं, राणी?"

"कुठेच नाही."

"म्हणजे सगळीकडे!" आईचा आवाज चिरकला. "एक्स-रे काढूया का? हाडाला बारीकशी चीर असेल. डोक्याला मार नसेल ना लागला?"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी खालच्या मानेने शब्दकोड्याची हकिकत सांगितली. कोपर हळूच चाचपून झाल्यावर बाई बिट्टीला गंभीरपणे म्हणाल्या, "हात मुळीच वर करायचा नाही हं."

हात ताडकन छताकडे गेला.

"गोल तर अजिबात फिरवायचा नाही. आणि टाळ्या? छे, छे!"

दवाखाना टाळ्यांनी दणाणला. बाहेर ताटकळलेल्या पेशंटांनी आत डोकावून बघितलं.

"कोपर ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "आईला मात्र जरा झोप हवी."

परतताना बिट्टी आईचं बोट धरून मुकाट चालत होती. कोपऱ्यावर तिने हळूच विचारलं, "आई, तू रागावलीस माझ्यावर?"

"नाही गं," असं आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"हो. खूप खूप रागावलेय."

बिट्टी खुदकन हसली आणि आईच्या पायांना बिलगली. आई तशीच थोडा वेळ रस्त्यात उभी राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या मनात काळजी नव्हती, आणि बेफिकिरीही नव्हती. चार चौकटींत बसायचं ते बहुधा हेच. फक्त त्याला नाव नव्हतं.

"पण आता खेळ संपला हं," ती म्हणाली. "यापुढे खरं तेच बोलायचं. कबूल?"

"कबूल!"

चार पावलं गेल्यावर आई थबकली. "अरे, हे 'कबूल' म्हणजे नक्की..."

"झालं सुरू! काळजी करू नकोस," बाबा म्हणाले.

"म्हणजे कर," बिट्टीने आईला समजावून सांगितलं.