झुंबरशेठची पाचची गाडी

आमच्या जाफराबादला रेल्वे नाही. रूळ बघायचे तर जालना गाठावं लागतं. तरीही गेली काही वर्षं मी जवळजवळ रोज रेल्वेच्या फाटकापाशी ताटकळत उभा असतो. हे फाटक शेजारच्या झुंबरशेठच्या परसात आहे.

मोरी आणि शेवग्याचं झाड यांच्या मधोमध, गल्लीत उघडणाऱ्या मागच्या दाराकडं जाणाऱ्या वाटेवर, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक बांबू आडवा पडलेला असतो. तो आडवा असला की कुणी पलीकडं जायचं नाही. दूधवाली, मीटर बघायला आलेला माणूस, शेठचा सख्खा मुलगा, सगळे तिथंच खोळंबतात. एकदा मी ताकाचं पातेलं हातात धरून उभा होतो. गाडीचा कुठं पत्ता नव्हता. म्हटलं, शेठ, वीतभर तर रूळ आहेत, ओलांडून येऊ का? शेठ पेरूच्या झाडाखालून म्हणाले, "कंट्रोलर साहेब, तुम्ही बसस्टँडवर जिंदगी काढली. तुम्हालाच नियम सांगावा का मी?" ताक आंबट व्हायच्या बेतात आलं तेव्हा गाडी गेली आणि बांबू वर झाला.

कंट्रोलर हे माझं नाव नव्हे. बसस्टँडवरच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा लिहिणं आणि भोंग्यावरून त्या पुकारणं हे माझं काम होतं. निवृत्त झालो, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. रस्त्याच्या माणसाच्या नशिबी म्हातारपणी रेल्वेचा शेजार यावा, याला काय म्हणायचं?

शेठचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण आजोबांच्या वेळेपासून इथं. कापसाची आडत होती. ती मुलाच्या हाती दिली आणि शेठ मोकळे झाले. मोकळा झालेला व्यापारी देवळात जातो, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. शेठनी रूळ टाकायला घेतले. कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या आडतीत ढिगानं पडलेल्या होत्या. त्या उभ्या ठोकून झाले रूळ, आणि बाभळीचे तुकडे झाले स्लीपर. इंजिन म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याच्या पोटात ट्रकच्या वायपरची मोटर आणि पाठीवर बॅटरी. पावसाचे थेंब पडले की ही मोटर जुनी सवय आठवून डावी-उजवीकडं हलायला लागेल, अशी मला बरेच दिवस धास्ती होती.

चाकं जालन्याच्या एका लेथवाल्याकडून करून आणली. कशाची चाकं म्हणून त्यानं विचारलं तर शेठ म्हणाले, रेल्वेची. त्यानं लगबगीनं खुर्ची दिली आणि चहा मागवला.

पुढच्या खोलीपेक्षा शेठचा मुक्काम परसात जास्त, त्यामुळं बोलण्यातही सगळी रेल्वेच आली. गरम पोळी जरा उशिरा हवी असली की सुनेला सांगायचे, आउटरला थांबव. नकोसा पाहुणा आला की मुलाला खूण करायचे, यांना लूप लाइनीत घे, म्हणजे बाहेरच्या खोलीत बसव. आणि कुठलीही गोष्ट पटली नाही की एकच उत्तर, "सिग्नल भेटल्याबिगर न्हाई." त्यांच्या नातवाच्या जावळाचा मुहूर्तसुद्धा सिग्नल भेटेपर्यंत अडून राहिला होता.

मार्गावर स्टेशनं दोनच. मागच्या ओट्याला लागून 'जाफराबाद'. तिथून निघालेली गाडी मोरीच्या पाटावरच्या पुलावरून, सिमेंटच्या पाइपाच्या बोगद्यातून, फाटकावरून जायची. मग शेवग्याला वळसा घालून मेंदीच्या कुंपणाआड पेरूखाली थांबायची. तिथं पाटी होती, 'मेडता रोड'. ते स्टेशन अगदी आमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकलेलं. आमची ही भिंतीपलीकडं तांदळाचं धुवण टाकायची ते आता थेट राजस्थानात पडायला लागलं. शेठनी नम्रपणे तक्रार केली आणि तिनं जागा बदलली.

मेडता रोडला मात्र कुणाला प्रवेश नव्हता. तिथं शेठ एकटे जायचे. माझा स्वभाव मुळात चौकस. भिंतीवरून मी पुष्कळदा डोकावलो. पेरूच्या एका फांदीला विटलेले दोरे गुंडाळलेले दिसले, तेवढंच. पेरूला नजर लागू नये म्हणून बांधले असतील, असं मी आमच्या हिला सांगितलं. ती म्हणाली, त्या पेरूंना पोपटाशिवाय कुणी बघत नाही.

शेठचे दोन नियम फार कडक होते. एक, संध्याकाळची पाचची गाडी चुकायची नाही. दुसरा, मालाची वॅगन रिकामी धावायची नाही. गाडीला वॅगन एकच, झाकणाची, हाताच्या मुठीएवढी. मी चेष्टा करायचो, शेठ, रक्तातच व्यापार, परतीचा ट्रक मोकळा आला की तुमच्या पोटात दुखतं. ते हसायचे. म्हणायचे, "खाली गाडी आपल्याकडं चालत न्हाई." मी ते आडतीच्या खात्यात टाकून मोकळा झालो.

पाचची गाडी का चुकायची नाही, ते मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ती गाडी मोहनीभाभींसाठी होती.

मोहनीभाभी म्हणजे शेठच्या पत्नी. एकेकाळी या बाईंच्या हातचं खाल्लं नाही असं गल्लीत एक पोर नव्हतं. मग त्यांना विसर पडायला लागला. आधी मीठ विसरल्या, मग नातवाचं नाव, आणि हळूहळू आपण उभा जन्म जाफराबादेत काढला हेही विसरल्या. दिवस कलला की त्यांना माहेर आठवायचं. चांगलं लुगडं नेसून, कापडी पिशवी घेऊन घराबाहेर पडायच्या. एकदा बसस्टँडवर माझ्याच खिडकीपाशी आल्या आणि मेडत्याची रेल्वे धरायला कोणती बस, असं विचारायला लागल्या. मी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि शेठना फोन केला. शेठ भर बाजारातून अनवाणी पळत आले. एवढा मोठा माणूस पायात काही न घालता मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला फार वाईट वाटलं.

दाराला कुलूप घातलं तर भाभी दार बडवायच्या. औषधांनी नुसत्या पेंगायच्या. एका संध्याकाळी शेठ सहज बोलून गेले की निघालीस खरी, पण मुराळी कोण आलाय न्यायला? भाभी जागच्या जागी थांबल्या. हे त्यांना पटलं. त्यांच्यात काय, आपल्यात काय, बाई अशी आपणहून उठून माहेरी जात नाही. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. थोरला भाऊ येईल, रेल्वेनं येईल, असं म्हणून त्या ओट्यावर बसून राहिल्या. तो भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढच्याच महिन्यात शेठनी पहिला स्लीपर ठोकला.

तेव्हापासून रोज पाचला मेडत्याहून गाडी यायची. वॅगनीत सुनेनं केलेला डिंकाचा छोटा लाडू, कधी काचरी, कधी पापडाचा तुकडा. भाभी वास घ्यायच्या, ओळखायच्या, भाऊ नाही आला का म्हणून विचारायच्या. शेठ सांगायचे, शेतात काम निघालं, उद्या येतो म्हणाला. मग भाभी पिशवीतून काहीतरी काढून वॅगनीत ठेवायच्या, सुपारी, एखादं बटण, पेरूची फोड. शेठ हिरवा झेंडा दाखवायचे, गाडी परत जायची, आणि भाभी जेवून शांत झोपायच्या. ज्या दिवशी बॅटरीनं दगा दिला, त्या दिवशी त्या घरात कुणीच झोपलं नव्हतं.

अशात शेठच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जालन्याला एक रात्र राहायचं होतं आणि मुलगा-सून दोघंही सोबत जाणार होते. भाभींजवळ आमची ही बसणार आणि गाडी मी चालवणार असं ठरलं. शेठनी झेंडा माझ्या हातात दिला तेव्हा मला चक्क भरून आलं. इंजिनाचं मागं-पुढं करायचं बटण त्यांनी तीनतीनदा दाखवलं. जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "साहेब, निघायच्या आधी माल बघा." मी मान हलवली. माझं सगळं लक्ष वेळेत. जन्मभर घड्याळाशी संसार केलेला माणूस. जाफराबादच्या गाड्यांना नाव ठेवायला मी जागा ठेवणार नव्हतो.

पाचाच्या जरा आधी फाटक पाडलं आणि पाचाच्या ठोक्याला मेडता रोडहून गाडी सोडली. शेवग्याला वळसा, फाटक, बोगदा, पूल, कुठं अडली नाही. ओट्याशी थांबली तेव्हा मी घड्याळ बघून स्वतःवरच खूश झालो.

भाभींनी वॅगनीचं झाकण उघडलं. आत बोट घालून बघितलं. मग झाकण हळूच लावलं आणि म्हणाल्या, "तिकडं कुणी राह्यलं न्हाई वाटतं."

त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि मागच्या दाराकडं निघाल्या. आमची ही माझ्याकडं बघून म्हणाली, "शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत देत न्हाई, अन् तुम्ही माहेरची गाडी मोकळी पाठवली?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्याच्या घरातून आलेलं भांडं चिमूटभर साखर घालून का होईना, पण भरून पाठवायचं, हे मी आईच्या मांडीवर असल्यापासून बघत आलो होतो. माहेरहून मोकळं भांडं येतं ते घरात माणूस उरलं नसेल तरच. शेठच्या नियमात आडतीचा काडीइतका संबंध नव्हता.

भाभी मागच्या दारापर्यंत पोचल्या असत्या. पण वाटेत बांबू पडलेला होता, आणि मी तो उचलायचा विसरलो होतो. भाभी फाटकापाशी थांबल्या. सगळं जग विसरलेली बाई गाडी जाईपर्यंत फाटक ओलांडायचं नाही एवढं मात्र विसरली नव्हती. शेठनी ते फाटक नेमकं तिथं का बसवलं, हे ताकाचं पातेलं धरून इतके दिवस उभं राहूनही मला कळलं नव्हतं.

मी बटण फिरवून गाडी उलटी मेडत्याला पिटाळली आणि भिंतीवरून उडी मारली. या वयात मारली. सुनेनं लाडू कुठं ठेवले होते देव जाणे. आमच्या स्वयंपाकघरात सकाळचा धपाटा होता आणि ठेचा होता. तुकडा मोडला, वर ठेचा ठेवला, परत भिंत ओलांडून वॅगनीत कोंबला. "दुसरी गाडी येऊन राह्यली," असं इतक्या मोठ्यानं पुकारलं की पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी विचारलं, कुठली?

गाडी फाटकाशी आली तशी थांबवली. भाभींनी वाकून झाकण उघडलं. वास घेतला. हा वास त्यांच्या ओळखीचा नव्हता. घास तोंडात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"भाऊनं मराठी बायको केली वाटतं," त्या म्हणाल्या. "हात बरा हाय. मिरची लई टाकती."

त्या आपणहून ओट्यावर परतल्या. नव्या भावजयीसाठी त्यांनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढून वॅगनीत ठेवलं. ते मी रीतसर मेडता रोडला उतरवून घेतलं. आमच्या हिनं त्यातली टिकली तिथल्या तिथं लावली आणि मग माझ्याशी बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेठ डोळ्याला हिरवी पट्टी लावून परतले. मी सगळं सांगितलं. झेंडा काढून घेतील अशीच माझी अपेक्षा होती. शेठ उघड्या डोळ्यानं रुळांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मराठी बायको. बराबर हाय. वहिनीला सांगा, मिरची जरा कमी." त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा वॅगन आमच्या घरून भरायला लागली.

आणि राखी पौर्णिमा आली. त्या संध्याकाळी मी भिंतीशी उगाचच जास्वंदीला पाणी घालत होतो. पलीकडं गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. शेठ भिंतीपाशी आले. त्यांच्या तळहातावर एक लाल राखी होती.

"कंट्रोलर साहेब, तुमच्या स्टेशनचा माल आलाय," ते म्हणाले. "सोडवून घ्या."

मी विचारलं, मागच्या वर्षांच्या राख्यांचं काय केलं? शेठनी पेरूकडं बघितलं. ते विटलेले दोरे अजून फांदीवर होते.

"तिथंच बांधल्या," शेठ म्हणाले. "मंग काय करावं? पण झाडाला किती दिवस भाऊ म्हणायचं?"

मी भिंतीवरून हात पुढं केला. शेठची नजर अजून नीट बसली नव्हती, गाठ सारखी सुटत होती. त्यांनी पुन्हा पुन्हा बांधली. तेवढ्यात मेंदीच्या कुंपणापलीकडून, ओट्यावरून, भाभींनी हाक मारली, "पोचली का?"

शेठनी माझ्याकडं बघितलं. जन्मभर मी भोंग्यावरून भोकरदन, चिखली, जालना पुकारत आलो. घसा साफ केला आणि जाफराबादकडं तोंड करून ओरडलो, "पोचली गं, मोहनी."