ऑइल वाढवणारी पिकअप

एका जंगलात रस्ता यायचा होता, पण त्याच्या आधी पिकअप आली. असं उलटं का झालं म्हणता? मुलांनो, रस्ता सरकारला बांधावा लागतो. पिकअप आपली आपण विकत घेतो. म्हणून ती आधी येते.

पिकअपचं नाव होतं झेप. बनवणारी कंपनी डरकाळी मोटर्स. शोरूममध्ये मोर उभा असायचा. तो सांगायचा, "जुन्या इंजिनात पेट्रोल बाहेरच हवेत मिसळायचं आणि मग आत जायचं. मागासलेली पद्धत! आमच्या झेपमध्ये पेट्रोलचा फवारा थेट आत, पिस्टनच्या डोक्यावर! पिते कमी, ओढते जास्त." मोराला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण पिसारा होता, आणि शोरूममध्ये तेवढं पुरतं.

हैबती अस्वलाने झेप घेतली. तळ्यावर टाक्या भरायच्या आणि चढ चढून माळावर पोहोचवायच्या, हा त्याचा धंदा. माळावरचे झरे आटले होते. तिथली हरणं आणि त्यांची पाडसं हैबतीच्या पाण्यावरच जगत होती. चढ उभा, पण लहान. इंजिन नीट तापायच्या आत माळ यायचा. तिथे इंजिन बंद. टाक्या रिकाम्या करून पुन्हा खाली, पुन्हा बंद.

एका सकाळी हैबतीची बायको गजरा हिने बॉनेट उघडून ऑइल बघायची पट्टी ओढली. या पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असावं लागतं. इथे ते वरच्या खुणेच्याही वर गेलं होतं.

"अहो, ऑइल घातलंत का तुम्ही?"

"नाही गं."

"मग वाढलं कसं?"

"वाढलं ना? मग रडतेस कशाला? लोकांचं कमी होतं, आपलं वाढतंय!"

गजराने पट्टी नाकाशी नेली. "अहो, याला पेट्रोलचा वास येतोय."

वास खराच होता. थंड इंजिनात फवाऱ्यातलं सगळं पेट्रोल जळत नाही. उरलेलं इंजिनाच्या आतल्या भिंतीला चिकटतं, ओघळतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल दिसायला वाढतं आणि असायला पातळ होतं. पातळ ऑइल लोखंडाला लोखंडापासून दूर ठेवू शकत नाही. एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीला जंगलात कोण विचारतं?

कारण तोवर बातमी फुटली होती. रानगव्याच्या झेपमध्येही ऑइल वाढलं होतं. साळिंदराच्याही. गव्याने बॉनेटला हळद-कुंकू वाहिलं. साळिंदरीणबाईंनी पट्टीची ओटी भरली. जंगलातल्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं, 'तेल प्रसवणारे इंजिन!' दुसऱ्या पानावर डरकाळी मोटर्सची पानभर जाहिरात होती. हा निव्वळ योगायोग होता. वर्तमानपत्रात योगायोग पानाच्या मापाने विकत मिळतात.

गजरा मात्र नवऱ्याला ओढत सर्व्हिस सेंटरला घेऊन गेली. तिथे मनोहर तरस बसायचा. तक्रार कसलीही असो, तो हसायचा. याच गुणावर त्याला ग्राहकसेवेत घेतलं होतं.

"या हैबतराव, या वहिनी! काय सेवा करू?"

"ऑइल वाढतंय," गजरा म्हणाली. "वास पेट्रोलचा आहे."

तरस पोट धरून हसला. "वहिनी, वास कशाने घेतलात?"

"नाकाने. तुम्ही कशाने घेता?"

"तिथेच चुकलं. नाक हे मान्यताप्राप्त यंत्र नाही. आणि ऑइल वाढणं हा दोष नाही, हे या इंजिनाचं वैशिष्ट्य आहे."

"मग ऑइल बदलून तरी द्या."

"मुदतीआधी बदललं तर वॉरंटी रुसते. तुम्ही असं करा, गाडी लांब चालवा. इंजिन तापलं की पेट्रोल उडून जातं."

"उडून जातं म्हणजे ऑइलमध्ये आहे, हे तुम्हीच कबूल केलंत!"

"वहिनी, मी हसत होतो. हसताना बोललेलं आम्ही धरत नाही."

"साहेब, लांब कुठे नेऊ?" हैबतीने हात जोडले. "तळं इथे आणि माळ तिथे."

"मग उगाच फिरवा."

हैबती गरीब स्वभावाचा. सांगितलं ते ऐकायचा. पाणी भरायच्या आधी तो रिकामी पिकअप घेऊन जंगलाभोवती फेऱ्या मारू लागला. माळावर पाडसं जीभ बाहेर काढून वाट बघत, आणि खाली हैबती पेट्रोल जाळत पेट्रोल उडवत बसे. कमी पिणारी झेप जुन्या पिकअपपेक्षा जास्त पिऊ लागली. आणि तळ्यावर, माळावर थांबली की ती पुन्हा थंड व्हायची आणि ऑइल पुन्हा चढायचं.

तक्रारी वाढल्या. गव्याला वास आला, साळिंदराला आला. ज्यांचं अख्खं आयुष्य नाकावर चालतं, त्यांच्यापासून वास किती लपवणार? तेव्हा डरकाळी मोटर्सने मोठ्या मनाने उपाय काढला. प्रत्येक झेपला नवी पट्टी, फुकट.

नव्या पट्टीवर वरची खूण दोन बोटं आणखी वर होती.

एका दिवसात सगळ्या जंगलाचं ऑइल प्रमाणात आलं. एक थेंबही काढावा लागला नाही. सिंहमहाराजांनी कंपनीच्या अभियंत्यांचा शाल घालून सत्कार केला.

त्याच आठवड्यात, भरल्या टाक्यांसह चढ चढताना, हैबतीच्या झेपमधून खडखड ऐकू आली. मग करकर. मग काहीच नाही. इंजिन जाम. वर माळावरून पाडसांचं ओरडणं खाली ऐकू येत होतं.

चौकशी समिती आली. अध्यक्ष होते खवल्या मांजर, म्हणजे खवलेसाहेब. अवघड प्रश्न आला की ते अंगाचा गोळा करून घेत.

"नव्या पट्टीवर ऑइल प्रमाणात आहे," पट्टी बघून ते म्हणाले. "म्हणजे इंजिन ठीक आहे. म्हणजे ते जाम झालेलं नाही."

"मग चालू करून दाखवा!" गजरा कडाडली.

खवलेसाहेबांचा गोळा झाला. गोळ्यातून आवाज आला, "चालू होणे न होणे हा वाहनमालकाचा व्यक्तिगत अनुभव आहे. समिती अनुभवावर भाष्य करत नाही. दोष नाही, सबब वॉरंटी नाही."

गोळा घरंगळत निघून गेला.

हैबती चढावर उभा राहिला. वर पाडसं, मागे तळं, मध्ये ठीक असलेलं इंजिन. त्याने पिकअपच्या मागे खांदा लावला. गजराने दुसरा लावला. मग गवा आला, साळिंदर जपून थोडं लांबून आलं. ढकलत, घसरत, धापा टाकत त्यांनी झेप माळावर नेली. पाडसं टाकीवर तुटून पडली. रिकामी झेप उताराने खाली सोडली, टाक्या भरल्या, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच.

चौथ्या दिवशी मनोहर तरस मोराला घेऊन माळावर आला. त्याने पट्टी ओढली आणि आनंदाने ओरडला, "बघा, बघा! ऑइल वाढायचं थांबलं!"

"इंजिन बंद आहे, मेल्या!" गजरा म्हणाली.

"दोष नव्हताच, आणि आता तो दुरुस्तही झालाय," तरस म्हणाला आणि मोराला खूण केली. मोराने फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात जंगलभर पानभर जाहिरात झळकली. माळावर उभी झेप, टाकीला तोंड लावलेली पाडसं, आणि खाली ठळक अक्षरं: 'पेट्रोलचा एक थेंबही न जाळता माळावर पाणी! फक्त झेप!' मागे ढकलणारी चौघं फोटोत नव्हती. पानात जागा कमी पडली असणार.

जाहिरात पाहून जंगलात आणखी चाळीस झेप विकल्या गेल्या.

तात्पर्य: मुलांनो, नवी गाडी घेताना इंजिन किती ताकदीचं आहे हे विचारू नये. ते कंपनीचं गुपित असतं. आपला खांदा किती ताकदीचा आहे, तेवढं घरी तपासून घ्यावं, आणि मगच सही करावी.