मायकाची अख्खी पुडी

साबण करण्यात काय एवढं मोठं! तयार बेस वितळवायचा, रंग घालायचा, साच्यात ओतायचा. शेंबडं पोरही करील! असं मी फोनवर नणंदेला ठणकावून सांगितलं. वन्संचं मोठं ब्यूटी पार्लर आहे आणि तिथे माझे साबण विकायला ठेवावेत, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

"शनिवारी चहाला येते," वन्सं म्हणाल्या. "हात धुऊन बघते. पटलं तर ठेवीन."

म्हणजे परीक्षाच की! या बाईंना माझ्या हातचं पाणीसुद्धा पाणचट लागतं.

रंगासाठी मी सोनेरी मायका आणला. मायका म्हणजे अभ्रकाची चमचमणारी पूड. दुकानदारानं बजावलं, "एवढ्या बेसला अर्धा चमचा बास. आधी थोड्या तेलात कालवून घ्या." अर्धा चमचा! पूड विकतोय की खोकल्याचं औषध? तरी मी घातला अर्धा चमचा. साबणाला कावीळ झाल्यासारखं दिसलं. मग मात्र मी मनाचा मोठेपणा दाखवला आणि अख्खी पुडी उपडी केली. तेलबिल कोण कालवत बसतंय! हातमोजे घालून वड्या साच्यातून काढल्या, तर काय सांगू तुम्हाला, साक्षात सोन्याच्या विटा!

शनिवारी वन्सं येताच एक वीट बेसिनवर मांडली आणि फर्मान काढलं, "चहाआधी सगळ्यांनी याच साबणानं हात धुवायचे!" आणि मी चहाकडे वळले.

ट्रे घेऊन बाहेर येते तर सासरे समोर उभे. हात कोपरापर्यंत सोनेरी!

"सूनबाई, हे निघत नाहीये!"

"पुन्हा धुवा ना, बाबा."

"धुतले म्हणूनच तर झालंय!"

फ्रिजचा दांडा सोनेरी झाला होता. दार उघडलं तर जॅमच्या बाटलीवर पाच सोनेरी बोटं! आणि बाबांचं गोड डॉक्टरांनी कधीच बंद केलंय.

"बाबा, हे काय?"

"पाणी शोधत होतो."

"जॅममध्ये?"

तेवढ्यात बाल्कनीतली कुंडीही चमकताना दिसली. कुंडीमागे सिगारेटचं पाकीट, तेही सोनेरी! मी नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, सोडली होतीत ना तुम्ही?"

"सोडलीच आहे! पाकीट जागेवर आहे का, तेवढं बघत होतो."

बिचारे! किती ती काळजी पाकिटाची!

मग मी बेडरूममध्ये गेले. माझ्या कपाटाच्या दारावर दोन पंजे. खालचा खण, वरचा खण, दागिन्यांचा डबा, सगळीकडे बोटं, तीही अंगठीच्या खुणेसकट! अंगठी घालणारं घरात त्या दिवशी एकच माणूस होतं.

"वन्सं!" मी हाक मारली. खरं सांगते, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"मी... टॉवेल शोधत होते गं."

"दागिन्यांच्या डब्यात? बेसिनजवळ दोन टॉवेल लटकलेत की!"

वन्संचा चेहरा पडला. आता पार्लर माझंच! मी कमरेवर हात ठेवून भाषणच ठोकलं. "एकाचेही हात साफ नाहीत या घरात! बरं झालं माझ्या साबणानं सगळ्यांना उघडं पाडलं!"

वन्संनी माझं मनगट धरून मला खिडकीपाशी ओढलं. हात उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"अगं, आम्ही सगळे सोन्याचे झालो. तुझेच हात बरे स्वच्छ?"

"मी... मी स्वयंपाकघरात धुते."

"कशानं?"

सासऱ्यांनी जॅमचा सूड तिथल्या तिथे उगवला. "भांड्यांच्या साबणानं! रोज बघतो मी."

"म्हणजे स्वतःचा साबण स्वतः एकदाही वापरला नाहीस?"

उत्तराची वाट न बघता वन्सं तडक सिंकपाशी गेल्या. भांड्यांच्या साबणानं खसाखसा हात चोळले. सोनं भराभर वाहून गेलं.

"वा! याला म्हणतात साबण!" हात पुसत त्या म्हणाल्या. "पार्लरमध्ये असलाच हवा होता मला. मुलींच्या हाताला लागलेला केसांचा रंग निघत नाही कशानं. कुठे मिळतो गं?"

मी मुकाट्यानं दुकानाचा पत्ता सांगितला.