डाव्या काचेची खरखर

जुळे सोलापुरातले आमचे शेजारी बनसोडेकाका आपल्या गाडीत कुणालाही बसवण्याआधी कान साफ करून यायला सांगायचे. एकदा दाढ दाखवायला निघाले होते, तर वाटेत भेटलेल्या दातांच्या डॉक्टरांनाच गाडीत बसवून त्यांनी आधी कान साफ आहेत का ते विचारलं. दाढ राहिली.

गाडीचं दुखणं असं, की आत भीमगीतं लावावीत आणि बटण दाबून काच खाली करावी, तर स्पीकरमधून खर्रर्र आवाज यायचा. काच थांबली की आवाज थांबला. दुसरा कुणी म्हणाला असता, काच हलून हलून किती वेळ हलणार? पण काकांची उभी हयात टेलिफोनच्या लायनीवरची खरखर शोधण्यात गेलेली. खरखर ऐकली की त्यांना कुणीतरी तोंडावर अपमान केल्यासारखं वाटतं.

"मॅडम, जरा कान द्या की," अशी फाटकातून हाक आली की मी हातातली कणीक टाकून जायचे. मी शाळेत भूगोल शिकवते, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण काकांचं शास्त्र वेगळं. "पेपर तपासता की तुमी. चूक बरोबर घावती तुमाला."

मग तपास सुरू व्हायचा. इंजिन बंद, नुसती किल्ली फिरवलेली. काच खाली. खर्रर्र. "म्हंजे इंजिन सुटलं." मग टेपचा आवाज पार शून्यावर. काच वर. तरी खर्रर्र. "टेप बी सुटला. आवाज कुटनं येतो ते बघायचं न्हाय मॅडम, कुटनं शिरतो ते बघायचं." हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात, तिथला माईक शिट्टी मारायला लागला की. फौजदाराच्या थाटात एकेक संशयित सोडत सोडत ते शेवटी एका काचेवर आले. मागच्या दोन्ही निर्दोष, त्यांची स्वतःची निर्दोष. खोड फक्त पुढच्या डाव्या काचेत. म्हणजे काकांच्या शेजारी बसणाऱ्या सुमनकाकूंच्या.

काकू श्रीपूरच्या. वडील साखर कारखान्यात कामाला, लहानपण कारखान्याच्या कॉलनीत गेलं. गाळपाच्या दिवसांत माहेरी जाताना कारखाना जवळ आला की त्या मळीच्या वासासाठी काच खाली करायच्या. बाकीचे लोक त्या वासानं नाकाला रुमाल लावतात, काकूंना त्यात माहेर भेटायचं. आणि दर खेपेला काका ओरडायचे, "अगं काच वर कर, गाणं नासतंय की." पुढं पुढं काकूंनी बटणाला हात लावणंच सोडलं. शेंगाचटणी कुटता कुटता त्यांनीच हे मला सांगितलं, सुरात तक्रार नव्हती. पण तेव्हापासून मला काकांचा राग यायचा, आणि तरी मी कान द्यायला जायचे.

यंदा संक्रांतीच्या आधी काकांनी डाव्या बाजूचं सगळं पॅनेल उचकटलं. पायापाशी एक बोल्ट होता. त्याखाली काचेच्या मोटरची अर्थिंगची वायर, आणि तिच्यावरच दाबून बसवलेली स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरची. मोटर फिरली की तिची सगळी घाण सरळ गाण्यात उतरत होती.

"हे कुठल्या शहाण्यानं जोडलं?" मी विचारलं.

काकांनी बोल्ट अंगठ्यानं पुसला. "मीच की. मेकॅनिक नीट जोडत न्हाईत म्हणून टेप घरीच बसवला होता. एक बोल्ट असताना दुसरं भोक कशाला पाडा, म्हणलं."

त्यांनी दुसरीकडं रंग खरवडून वायर वेगळी लावली, काच खाली केली. गाणं स्वच्छ वाजलं. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका हसले नाहीत. "रविवारी श्रीपूरला जाऊ," एवढंच काकूंना म्हणाले.

कान म्हणून मलाही नेलं. कारखान्याची चिमणी दिसू लागली, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, तशी काकांनी गाडी हळू केली.

"अगं, कर की काच खाली. आता न्हाय येत खर्र."

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "मला कुटं वास कळतोय? त्या कोरोनाच्या तापात गेला, तो परत आलाच न्हाय."

"मला न्हाय सांगितलंस."

"सांगितलं की. तुमी गाडीत बसून खर्र ऐकत होता."

काकांनी गाणं बंद केलं. आपल्या बाजूचं बटण दाबून काकूंची काच पार खाली नेली. मळीचा भपकारा आत आला. माझा हात पदराकडं गेला होता, तो मी मागं घेतला. इतके दिवस धरलेला राग कुठं गेला कळलं नाही, नुसतं वाईट वाटत राहिलं.

"आला बघ वास," काका म्हणाले. "गोड हाय. जरा आंबूस बी."

"आंबूस न्हवं," काकू बाहेर बघत म्हणाल्या. "करपट. गूळ बुडाला लागल्यागत."

काकांनी पुन्हा एकदा छाती भरून श्वास घेतला. "व्हय की. करपट."

कॉलनीचं फाटक येईपर्यंत काका वास सांगत होते आणि काकू तो दुरुस्त करत होत्या. काच खालीच होती.