नाव नको, आठवण सांगा

दीप्ती तांबे रोज सकाळी सातला माझं दार वाजवायची. मी दार उघडलं की चहा झाला का वगैरे काही न विचारता एवढंच म्हणायची, "काकू, डोळे मिटा." मी मिटायचे. मग माझ्या नाकाखाली काहीतरी धरलं जायचं.

काळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या औषधाच्या बाटल्या होत्या त्या. आत कापसाचा बोळा आणि बोळ्याला कसलातरी वास. पहिल्या दिवशी मी, सारा जन्म शाळेत शिकवण्यात घालवलेली बाई, ताडकन उत्तर दिलं, "लवंग."

"नाव नको, काकू. आठवण सांगा."

"आठवण कसली? लवंग आहे ती."

"तुमचं नाक फार शिकलेलं आहे," वहीत लिहीत ती म्हणाली. "अशी नाकं पाठ केलेलं सांगतात."

ही मुलगी आमच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहायची. इथे रत्नागिरीतच कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. वास आणि मेंदू हा विषय तिने प्रकल्पासाठी घेतला होता, पण खरं म्हणजे त्या विषयानेच तिला घेतलं होतं. "बघणं, ऐकणं, सगळ्यांना मेंदूत शिरताना एका चौकीवर थांबावं लागतं," ती जिन्यात गाठून सांगायची. "वास तेवढा सरळ आत. आठवणी असतात ना, त्यांच्या शेजारीच." हे सांगताना दोन भुवयांच्या मध्ये बोट टेकवायची आणि तशीच उभी राहायची, जणू आत कोणी चालताना ऐकू येतंय. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जायचे.

तळमजल्यावरचे सावंत माळकरी, मासळीला न शिवणारे. त्यांनी एकदा हौसेने डोळे मिटले. बाटली हुंगली आणि जिन्याच्या पायरीवर हळूच बसले. म्हणाले, "आजोळ. चुलीवर लोखंडी तवा. आजी जवळा परतत्येय, कांदा अंमळ जास्त. मी पाट ओढून पुढे बसलोय, आणि ती म्हणत्येय, थांब रे, भात उतरू दे." पाचेक मिनिटं ते त्या भाताची वाट बघत राहिले. डोळे उघडले तेव्हा समोर सावंतीण उभी होती. "जवळा?" तिने विचारलं. ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. सावंतांना मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ते त्या आठवड्यात जरा तरंगतच चालत होते.

हळूहळू माझं नाकही शाळा विसरलं. एका सकाळी बाटलीत पेट्रोल निघालं, आणि मी एकदम आरे-वाऱ्याच्या चढावर. ह्यांनी स्कूटर आडवी केलेली, उरलंसुरलं पेट्रोल पुढे यावं म्हणून. मी वाऱ्यात पदर धरून उभी, खाली समुद्र दुपारचा पांढरा, आणि घाई कुणालाच नाही. भानावर आले तेव्हा आत दूध उतू जाऊन विझलेल्या गॅसचा वास सुटला होता. "तोही लिहिला," दीप्ती म्हणाली. बटण तिनेच बंद केलं होतं.

कॉलेजात सरांनी वही चाळली आणि विचारलं, "हे विज्ञान आहे की कथाकथन?" ती म्हणाली, "सर, अजून ठरलेलं नाही." गुण बेताचे पडले. बाटल्या थांबल्या नाहीत.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी तिने मला गावी जेवायला बोलावलं. पूर्णगडच्या वाटेवर, आत, विहाराच्या मागे तिचं घर. आई माहेरी गेलेली. वडील मुंबईत एका कॅन्टीनमध्ये आचारी होते, आता कायमचे घरी आलेले. त्यांनी माझ्यासाठी बांगड्याची आमटी केली होती. वाढायच्या आधी पळी दीप्तीपुढे धरून त्यांनी विचारलं, "बघ गो, तिरफळाचा वास उतरला काय?"

"उतरला, बाबा."

मी बघतच राहिले. मग तेच म्हणाले, "बाई, दोन वर्सांमागं ताप आला. ताप गेला, त्याच्याबरोबर वासपण गेला. वासाबिगर आचारी काय करणार?" आणि माझ्या पानात आणखी एक तुकडा घातला.

इतक्या महिन्यांत दीप्तीने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर ओटीवर तिने पिशवी उघडली. वडील सवयीने भिंतीला टेकले, डोळे मिटले. पहिली बाटली. "नाय." दुसरी. "नाय गो." तिसरीवर ते थांबले. पुन्हा हुंगली. चेहरा सैल झाला.

"शिरा," ते म्हणाले. "कॅन्टीनचा. केळं घातलेला. तू चौथीत होतीस, मे म्हयन्यात मुंबयला आणली होती तुला. मोठ्या कढईजवळ स्टुलावर बसवली. मी वळलो, तेवढ्यात बोट घातलंस नि भाजून घेतलंस. रडली नाय पण. बोट तोंडात घालून म्हणालीस, बाबा, गोड आहे."

दीप्ती खाली मान घालून सगळं लिहून घेत होती.

"सुधरतोय मी," ते म्हणाले. "जरा जरा येतो आता."

"हो, बाबा."

ते झाडांना पाणी सोडायला मागे परसात गेले. मी ती तिसरी बाटली उचलली आणि हुंगली. काहीच आलं नाही. पुन्हा हुंगली.

"त्यात काही नसतं, काकू," दीप्ती हलक्या आवाजात म्हणाली. "नुसतं उकळलेलं पाणी. प्रयोगात पडताळ्यासाठी एक तशी ठेवायची असते."

"मग वहीत काय लिहिलंस?"

तिने वही माझ्याकडे सरकवली. शिरा, कढई, स्टूल, भाजलेलं बोट. बाबांनी सांगितलं तसंच, त्यांच्याच शब्दांत, पान भरून. शेवटच्या रकान्यात बरोबर की चूक ते लिहायचं होतं. तो तिने कोरा ठेवला होता.

परसातून हाक आली, "दीप्ती, बाईंना चहा टाकू काय गो?"

"टाका," ती म्हणाली. "मी येते वास बघायला."